तिसरं अपत्य

“मंजू, शपथेवर एवढंच सांगायचं की ही पोर तुझी! वीस वर्षं जगाला सांगत आलीस, आता एकदा कलेक्टरसाहेबांपुढे सांग... की सुटलो आपण सगळे!”

नीळकंठदादा सहज बोलून गेला, आणि परदेशातल्या रायस्वाइक शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात मंजूषा दचकली. शेजारच्याच टेबलाशी स्वानंदी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती! मंजूषाने भावाला डोळ्यांनी खुणावलं, पण तो हसला.

“तिला काय कळतंय? सकाळपासून मी मराठीत विचारतोय आणि ती इंग्रजीत उत्तरं देतेय.”

गावातल्या मतदाराच्या पोटातलं ओळखणारा हा माणूस! पण मराठी न बोलणाऱ्या पोरांनाही इथे घरातलं अक्षर न् अक्षर समजतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

“दादा, आत चल,” म्हणेपर्यंत तो, ही पोर त्याचीच असल्याच्या विरोधकांच्या तक्रारीवर, सुनावणीवर घसरलासुद्धा.

आजोबा नगराध्यक्ष, मग वडील अण्णा, मग दादा... त्या घरात देवाआधी खुर्चीला नमस्कार व्हायचा. दोनाहून जास्त मुलं असली की निवडणूक लढवता येत नाही असा कायदा आला, आणि पाठोपाठ भार्गवीवहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले! तेव्हा अण्णांनी लग्न ठरलेल्या मंजूषाला पुण्याहून बोलावून घेतलं. “घराण्यासाठी एवढं कर पोरी,” म्हणाले. दवाखान्यात आई म्हणून तिचं नाव लागलं, ठरलेलं लग्न मोडलं, गावाने कुमारी मातेला नाही नाही ती नावं ठेवली. त्यात पोरीचा तोंडावळा हुबेहूब दादाचा, म्हणून दोघींना देशच सोडावा लागला. माहेरचं दार बंद झालं... आणि हे परक्या मुलखातलं घरही तिला कधी मोकळं वाटलं नाही. खरं बोलावं तर पोर हातची जाणार, खोटं बोलावं तर पोरीला जन्मभर फसवायचं! कुठेच वाट नव्हती.

“दादा, माझ्या अब्रूचं मी कधी काही म्हटलं का रे? पण तिचे वडील वारले असं सांगितलंय मी तिला... आणि तू तिच्यासमोर बसून हे बोलतोस!”

लॅपटॉप मिटल्याचा आवाज झाला. स्वानंदी उठून उभी राहिली होती.

“माझे बाबा... तुम्ही आहात?” अडखळत, पण स्वच्छ मराठीत तिने विचारलं.

हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या दादाने मान खाली घातली.

“मामी माझ्या वाढदिवसाला फोनवर नेहमी रडते. मला वाटायचं, तिला माझे बाबा आठवतात.”

“मला क्षमा कर गं!” मंजूषाचा बांध फुटला. “यांच्या धाकाने नाही, माझ्या लोभाने मी गप्प बसले! तू मला सोडून जाशील या भीतीने...”

“आई, मी कुठे जाणार?” स्वानंदीने तिला घट्ट मिठी मारली आणि दादाकडे वळून म्हणाली, “ती येणार नाही तिकडे. खोटं बोलायला नका लावू तिला. प्लीज.”

दादाने त्या दोघींकडे पाहिलं. आपलाच चेहरा आपल्याकडे असा पाहतोय, हे त्याला सोसेना. मग त्याने मोठ्या मुलाला फोन लावला.

“यशोधन, उमेदवारीचा अर्ज मागे घेतोय मी. कोणी विचारलं तर सांग, नीळकंठला तीन मुलं आहेत... हो रे, धाकटी बहीण आहे तुला. आणि तुझ्या आईला म्हणावं, पोरीला कळलं सगळं.”

फोन ठेवून त्याने स्वानंदीपुढे दोन्ही हात पसरले. “एकदाच... बाबा म्हणशील?”

क्षणभर मंजूषालाच वाटलं, म्हणून टाक गं बाई, केवढासा झालाय तो!

“नाही जमणार,” स्वानंदी हळूच म्हणाली. “मामाच म्हणते. चालेल?”

“चालेल बाळा... चालेल,” दादा म्हणाला आणि आयुष्यात एकही निवडणूक न हरलेला तो माणूस धाकट्या बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडू लागला. मंजूषाने त्याला रडू दिलं.