सीतादहीच्या आधीचा कापूस

"ओ मॅडम! कोणाच्या वावरातला कापूस तोडून राह्यल्या?"

ज्योत्स्ना दचकून वळली. बांधावर एक उंच, सावळा तरुण उभा – हात कमरेवर, आवाज चढलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. आणि मुंबईत भल्याभल्यांना बोटावर नाचवणारी आमची ज्योत्स्ना चक्क अडखळली!

"मी... बापूरावांना विचारलंय. उद्या इथे साड्यांचं शूटिंग आहे. मी आर्ट डायरेक्टर."

"म्हंजे काय करता?"

"फोटोत काय दिसावं ते ठरवते. साडी कोणती, मागे काय, केसांत काय..."

"आन केसांत माह्या मायचा कापूस? म्या हरीओम, बापूरावचा पोरगा. बाबानं हो म्हटलं असन, पण सीतादही उद्या हाय. मायनं वावरात दहीभाताचा निवद दाखवल्याबिगर आमी बोंडाले हात नाई लावत."

ज्योत्स्नानं हातातल्या कापसाकडे पाहिलं. ती मूळची इकडचीच, आसेगावची. आईचं बोट धरून दहीभाताच्या डब्यामागे वावरात गेलेली. विसरलीच कशी? बरं, हे तिचं स्वतंत्र असं पहिलं काम. ते फसलं तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, हे मुंबईच्या कंपनीच्या मालकानं स्पष्ट सांगितलेलं.

"आई रागावतील?" तिनं हळूच विचारलं.

"लय!"

"मग... माफी मागायला तुम्ही सोबत याल ना?"

"आता चोराले एकटं कसं सोडू?" तो म्हणाला, आणि इतका वेळ दडवलेलं हसू एकदाचं सांडलं.

हरीओमची आई, प्रयागबाई, मात्र हसल्या नाहीत. "वरसाचा पहिला कापूस होता, पोरी," एवढंच म्हणाल्या.

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, काकू. उद्या आधी तुमची पूजा. मग तुम्ही हो म्हणाल तरच शूटिंग, नाहीतर आम्ही परत जाऊ." तिनं तिथूनच मुंबईला फोन लावला. सकाळचं कोवळं ऊन हुकणार म्हणून मालक नाही नाही ते बोलला. तरी ती शब्दावरून हटली नाही. हरीओम दारात उभा राहून तिच्याकडेच पाहत होता... आता त्याच्या नजरेत थट्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी निवद झाला. प्रयागबाईंनी ज्योत्स्नाला कुंकू लावलं, दहीभात खाऊ घातला. "जाय, काढ तुह्ये फोटो. आन उपाशी नोको राहू!"

उन्हं कलली तसं पांढरंशुभ्र वावर सोनेरी झालं. हरीओम साड्यांची खोकी डोक्यावरून वाहत होता, मॉडेलच्या पदराला वारा घालत होता, आणि मध्येच – "तुमी कायले नाई उभ्या राहत फोटोत?" म्हणून तिला लाजवत होता. संध्याकाळी फोटो पाहून मालकाचाच फोन आला. पुढचं कामही तिलाच! देवा, तुझे उपकार, तुझे उपकार... ती तिथंच मातीत बसली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या सकाळी कारंज्याच्या स्टँडवर तो सोडायला आला. गाडी लागली होती. बॅग त्याच्याच हातात.

"खूप केलंत तुम्ही. कसे आभार मानू?"

"आभार नोको. मले..." तो थांबला. "मले तुमी लय आवडल्या. झालं. सांगून टाकलं."

तिचं काळीज धडधडलं. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळानं पहिली अट काम सोडण्याचीच घातली होती. तिनं मन घट्ट केलं. "हरीओम, मी काम सोडणार नाही."

"बाप्पा! म्या कायले सोडा म्हणन?" तो खरोखरच चकित झाला होता. "काल तुमाले काम करताना पाह्यलं, तवाच तं आवडल्या."

कंडक्टरनं घंटी मारली. ज्योत्स्नाला हसावं की रडावं कळेना. पायरीवर चढून ती वळली –

"मुंबईला कधी येतोस?"