चला, जाऊ या हं

पाऊस फक्त त्याच्याच बाजूला पडत होता. आमच्या बेटावरच्या नागो गावात उन्हाळ्यात असं होतं – रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला धो-धो सरी आणि इकडे आत्याच्या दुकानाच्या पायरीवर लख्ख ऊन. मी पायरीवर उभी राहून बघत होते. पलीकडे एक उंच माणूस चिंब भिजत सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत होता. रस्त्यावर दोन्हीकडे एकही गाडी नव्हती. आमच्याकडचं कुणीही एव्हाना पळत इकडे आलं असतं. हा मात्र शाळेच्या रांगेत उभं राहावं तसा उभा...

मला हसू आवरेना आणि ते त्याला दिसलं. दिवा हिरवा झाल्यावर तो सावकाश रस्ता ओलांडून उन्हात आला, वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे पाऊससुद्धा माणसं बघून पडतो का?"

"नवीन माणसांवर आधी पडतो," मी म्हटलं.

त्याचं नाव तोगाशी शुन्पेई. गाव देशाच्या पार उत्तरेला, बर्फाळ अकिता. आमच्या नागोतल्या वाचनालयात नवी लिफ्ट बसवायला त्याच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. कुडकुडत होता, म्हणून दुकानात येऊन बसला आणि त्याने झेन्झाई मागितली. आता त्यांच्या मुलखात झेन्झाई म्हणजे वाफाळती गोड खीर, आणि आमच्याकडे झेन्झाई म्हणजे तळाशी गोड शिजवलेला राजमा नि त्यावर किसलेल्या बर्फाचा डोंगर. मी तो डोंगर त्याच्यापुढे ठेवला. त्याने एकदा बर्फाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि निमूट चमचा उचलला. ओठ निळे पडले बिचाऱ्याचे, तरी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. वर छान होतं म्हणाला.

दुकान बंद करायची वेळ झाली. मी ॲप्रन सोडला आणि रोजच्या सवयीने म्हटलं, "चला, जाऊ या हं."

आणि तो उठला.

आमच्या बेटावर 'चला, जाऊ या हं' म्हणजे 'मी निघते', एवढंच. आत्या तर 'चला, भांडी घासू या हं' म्हणते आणि एकटीच घासत बसते. पण त्यांच्याकडे जाऊ या म्हणजे दोघांनी मिळून जायचं. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दार उघडून धरलं. ज्याने माझा मान राखायला बर्फाचा डोंगर गिळला, त्याला 'अहो, तुम्हाला नव्हतं म्हटलं' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आम्ही समुद्रकाठच्या बंधाऱ्यावरून चालत निघालो. घराच्या वळणाशी त्याने पिशवी परत दिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मी सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. उलट, ॲप्रन सोडायच्या आधी मी आरशात डोकावून आले. तिसऱ्या दिवसापासून तर चारनंतर माझं लक्ष दाराकडेच असायचं.

"लिफ्टवाल्याची लिफ्ट अजून पहिल्याच मजल्यावर अडकली वाटतं," आत्या म्हणायची. मी बर्फ किसायचं यंत्र जोरात फिरवायचे, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

बंधाऱ्यावर वारा असायचा. तो समुद्राच्या बाजूने चालायचा आणि झाडांची नावं विचारत राहायचा. एकदा म्हणाला, त्याच्या गावी हिवाळ्यात दारातून बाहेर पडायला आधी फावड्याने वाट काढावी लागते.

"आणि कुणाला भेटायला जायचं असेल तर?"

"तर फावडं घेऊनच जायचं."

"तुम्ही आणलंत का?"

"इथे लागेल असं वाटलं नव्हतं..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "आता वाटतं – आणायला हवं होतं."

पुढचा सगळा रस्ता मी उगाचच हळू चालले आणि तोही.

लिफ्ट सुरू झाली. वाचनालयातलं काम संपलं, तरी त्याने थोडी रजा जोडून घेतली होती. रविवारी मोकळ्या आहात का, असं त्याने अडखळत विचारलं, आणि मी त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणून टाकलं.

शनिवारी मी बाजारात गेले होते, तेव्हा तो लवकर दुकानात आला. आत्याला गप्प बसणं कधी जमलंय? तिला वाटलं, गंमतच आहे. हसत हसत तिने सांगून टाकलं की अरे, पोरगी रोज 'मी निघते' म्हणते आणि तू आपला रोज तिच्याबरोबर निघतोस. मी परत आले तेव्हा दुकानात तो नव्हता आणि आत्याचा चेहरा पडला होता.

"हसला नाही गं तो," आत्या म्हणाली. "पांढराफटक पडला. वाकून वाकून माझीच माफी मागत होता."

रविवारी सकाळी दुकान उघडलं तर पायरीशी सुबक कागदात बांधलेला मिठाईचा डबा. वर माझं नाव, यामानोहा चिनात्सु, आणि पुढे आदराचं 'सान'. तिकडची माणसं मोठी चूक झाली की असा डबा देऊन माफी मागतात. शेजारच्या फळवाल्या काकूंनी सांगितलं की तो बॅग घेऊन बसथांब्याकडे गेला, दुपारच्या विमानाने जाणार आहे म्हणे. चूक त्याची नव्हतीच, आणि तो ती आपलीच समजून कायमचा निघाला होता. मी डबा उचलला आणि पळत सुटले.

विमानतळाकडे, नाहाला जाणारी बस यायला अवकाश होता. थांब्यावर तो एकटाच, तरी रांगेत उभा असल्यासारखा उभा होता. मी डबा त्याच्या छातीशी धरला.

"हा परत घ्या."

"पण मी माफी..."

"कशाची माफी?"

"तुम्ही रोज निघत होता आणि मी रोज तुमच्या मागे..." त्याने मान खाली घातली. "तुम्ही सज्जन आहात. एकदाही बोलला नाहीत."

"पहिल्या दिवशी होते सज्जन," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "दुसऱ्या दिवसापासून नव्हते. तुम्हाला काय ऐकू येतंय ते मला ठाऊक होतं. म्हणून तर मुद्दाम मोठ्याने म्हणायचे."

त्याने मान वर केली. तेवढ्यात बस आली, दार उघडलं. चालक आमच्याकडे बघत निवांत थांबला.

आता नाही बोललं तर कधीच नाही, हे मला कळत होतं. "तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "आज गेलात तर मला फार वाईट वाटेल. बास. आता काय ते तुम्ही ठरवा."

तो चालकाकडे वळला, वाकला आणि तसदीबद्दल क्षमा मागून म्हणाला की मला जायचं नाहीये. बस गेली.

"मलाही एक सांगायचंय," तो म्हणाला. "ती बर्फाची झेन्झाई... दात ठणकतात माझे. पण ती खायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही समोर असता."

मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. काय करावं सुचेना, म्हणून मी वाकून त्याची बॅग उचलली आणि चालू लागले. चांगलीच जड होती.

"अहो, कुठे निघालात?" तो मागून पळत आला.

"घरी. बाबा आज मासेमारीच्या बोटीवरून परत आलेत. त्यांना सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"ते वाटेत ठरवू," मी म्हटलं.