तीन महिन्यांनी या

हंबीरराव नावाचा माणूस पिशवीभर रक्त देऊन आडवा होईल, असं कुणाला वाटलं असतं?

संयोगिताला तरी वाटलं नव्हतं. दिवाळी नुकतीच सरली होती. पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर लागलं होतं आणि दारातून जो आला तो दार भरूनच आला. सुई टोचली तेव्हा हा गडी हसत होता. पिशवी भरली, हातावर कापूस चिकटवला, तेव्हाही हसतच होता. "जरा पडून राहा," असं ती म्हणेपर्यंत उठून चहाच्या टेबलाकडे निघालासुद्धा. आणि मध्येच थबकला... कुणी हाक मारावी तसा.

ती धावली. त्याचं डोकं फरशीवर आपटायच्या आत तिचे दोन्ही हात त्याखाली गेले, आणि त्या वजनाबरोबर तीही गुडघ्यांवर आली.

"डोळे उघडा. नाव सांगा तुमचं."

"हंबीरराव..." तो पुटपुटला.

मागे उभा असलेला त्याचा दोस्त अमरसिंह खदाखदा हसला. "आता नुसतं हंबीर म्हणा, सिस्टर. राव मगाशीच पडलं!"

"ए, सिस्टर म्हणू नगंस त्यांना," डोळे मिटूनच तो म्हणाला.

"बघा! शुद्धीवर आलंय बेनं."

संयोगितानं ओठ घट्ट मिटले. हसू आलं होतं, पण हसायची सवय मोडून बरेच महिने झाले होते. तिनं खुर्ची ओढली, त्याचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले आणि मनगट धरून नाडी मोजू लागली.

"किती वेळ असं ठेवणार?"

"तोंडावर रंग येईपर्यंत."

"मग सावकाश येऊ दे म्हणावं रंगाला."

तिनं वर पाहिलं. डोळे आता उघडे होते, तपकिरी, आणि थेट तिच्याकडे बघत होते. तिची मोजणी चुकली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तो उठून बसल्यावर ती म्हणाली, "एकदा चक्कर आलेला माणूस पुन्हा रक्त द्यायला फिरकत नाही. तुम्हीही फिरकणार नाही."

"कोण म्हणतंय? मी मुरगूडचा हाय."

"मुरगूडच्या लोकांचं रक्त वेगळं असतं?"

"रक्ताचं ठावं न्हाय. पण माझं मोटार वायंडिंगचं दुकान हाय, मॅडम. जळलेली मोटार पुन्हा फिरवायची, हाच धंदा. येणार की मी."

"या. तीन महिन्यांनी."

"तीन महिनं?" तो खरंच दचकला. "आणि मधी काय न्हाय?"

"मध्ये रक्त भरून येतं," ती म्हणाली आणि पुढच्या कॉटकडे गेली. पण पाठीवर त्याची नजर होती... हे तिला न वळता कळलं.

*

संयोगिता एम.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या अभ्यासाचा विषय ऐकून हॉस्टेलच्या मैत्रिणी हसत. "पाणी पाजायचं? याच्यावर प्रबंध?" पण गोष्ट खरंच तेवढीच होती. पूर्वी रक्त देताना ज्याला चक्कर आली आहे, त्याला पुढच्या वेळी सुई टोचण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायला द्यायचं. कॉटवर पडल्या पडल्या मांड्या आणि पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या, हे शिकवायचं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, खर्च नाही. एवढ्यानं चक्कर टळते का, आणि टळली तर तो माणूस पुढेही येत राहतो का, ते पाहायचं.

तिच्या मार्गदर्शक नुजहत मॅडमनी विचारलं होतं, "हाच विषय का?"

"सोपा आहे म्हणून," ती म्हणाली होती.

ते खरं नव्हतं. तिचे बाबा, आकाराम, गडहिंग्लज डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांच्या अंगात रक्त बनेनासं झालं, आणि मग दोन वर्षं ते अनोळखी माणसांच्या पिशव्यांवर जगले. प्रत्येक वेळी पिशवी टांगली की ते वर बघत आणि विचारत, "हे कुणाच्या घरचं गं?" शेजारणीनं कालवणाची वाटी पाठवावी, तसं. तिला कधीच उत्तर देता आलं नाही. एका उन्हाळ्यात पिशवी वेळेवर मिळाली नाही. पुढचं ती कुणाला सांगत नसे.

हंबीररावाचंही नाव तिनं अभ्यासात घेतलं होतं. अभ्यासातल्या सगळ्यांना ती महिन्यातून एकदा तोच संदेश पाठवी: रोज भरपूर पाणी प्या, शिबिराची तारीख लक्षात ठेवा. बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होत. मुरगूडहून उत्तर येई.

'पितोय. आता काय करू?'

'पीत राहा.'

'दुकानात गिऱ्हाईक विचारतंय, मालक कुठं गेलाय सारखा. काय सांगू?'

तिनं फोन उशाखाली सारला. पण त्या दिवशी भाजी चिरताना मैत्रीण म्हणाली, "काय गं, गुणगुणतेस?" ...आणि ती एकदम भराभर चिरायला लागली.

*

फेब्रुवारीत तो आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, अमरसिंहाला मुद्दाम घरी ठेवून. पाण्याची बाटली तिच्यासमोर एका दमात संपवली.

"हळू! शर्यत नाहीये."

"माझी हाय की. तीन महिन्यांपासून."

कॉटवर तिनं सांगितलं तशा पोटऱ्या आवळल्या, सोडल्या. सगळं छान चाललं. पिशवी भरली, घाम नाही, अंधारी नाही, तोंडावर रंग टवटवीत. संयोगिताचा जीव भांड्यात पडला. "बघा, काही झालं नाही," म्हणत ती पुढच्या माणसाकडे वळली.

"मॅडम..."

"काय?"

"गरगरतंय."

ती परत आली. पाय वर घेतले, फाईलनं वारा घातला, शेजारी स्टूल ओढून बसली. डोळ्यांपुढं अंधारी येते का? व्हय. घाम? थोडा... असंल. मळमळ? ती न्हाय. तिनं तक्त्यात खुणा केल्या. पेन जरा जड झालं होतं.

"तुमी एवढ्या मागं का लागलाय या चकरेच्या?" त्यानं विचारलं.

का कोण जाणे, तिनं सांगितलं. ड्रायव्हर असलेले बाबा, टांगलेली पिशवी, 'हे कुणाच्या घरचं गं?' आणि तो उन्हाळाही. आवाज कुठेही न हलवता, दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तशी. सांगून झाल्यावर तिनं बघितलं तर हंबीररावाचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुन्हा येतेय का चक्कर?"

"न्हाय... मला जाऊ दे," तो म्हणाला. सरबताचा ग्लास तसाच ठेवून, तिच्याकडे न बघता निघून गेला.

त्यानंतर मुरगूडहून उत्तरं येणं बंद झालं. अशक्तपणा असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मग सांगितलं, असेना का. फोन मात्र उशाखाली गेला नाही, हाताशीच राहिला.

*

एप्रिलमध्ये नुजहत मॅडमनी आकडे पाहिले, चष्मा काढला. "संयोगिता, तुझा अभ्यास लहान आहे. एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी निकाल फिरतो. आज तरी पाण्यानं फरक पडतो, असं म्हणता येत नाही."

"म्हणजे उपयोग नाही?"

"तुझ्या आकड्यांत दिसत नाही. जे दिसतं ते लिहायचं."

तिनं सगळ्यांना आभाराचा संदेश पाठवला. खाली एक ओळ घातली: अपेक्षित परिणाम आढळला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या गेटवर हंबीरराव उभा होता. जोतिबाची यात्रा करून थेट आला होता. कानांच्या पाळ्यांत, भुवयांत गुलाल तसाच. उन्हात तो आणखीच मोठा दिसत होता, आणि उभा मात्र शाळेबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"मॅडम, मला चक्कर आली नव्हती."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तुमी निघाला हुता पुढच्याकडं. आणखी तीन महिनं दिसणार न्हाय वाटलं, म्हणून... तोंडातनं गेलं. बसला तुमी शेजारी, तर बरं वाटलं. मग तुमी बाबांचं सांगितलं आणि मला बोलायला तोंडच उरलं न्हाय."

रस्त्यावरून उसाच्या रसाच्या गाड्याची घुंगरं वाजत गेली.

"तुम्हाला गंमत वाटली?"

"न्हाय, मॅडम."

"तुमच्या त्या एका खोट्यावरून मी लिहिणार होते, की पाण्याचा काही उपयोग नाही. ते वाचून उद्या कुणी कुणाला पाणी दिलं नसतं. घेरी येऊन माणसं पडली असती, घाबरून परत आली नसती. आणि कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी वर बघत बसलं असतं... पिशवीची वाट." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुम्ही मला नुसतं थांबा म्हणाला असतात, तरी मी थांबले असते, हंबीरराव."

तो चमकून बघत राहिला. तिला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. ती वळली आणि आत गेली.

नुजहत मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याच्या सांगण्यावरून खुणा बदलायच्या नाहीत. त्याला अभ्यासातून वगळायचं, आणि का वगळलं ते सरळ लिहायचं. सबमिशनला अजून वेळ आहे. माणसं मिळव."

"चक्कर आलेली माणसं कुठं मिळतात, मॅडम? ती तर लपून बसतात."

मॅडम गालात हसल्या. "त्या खोटारड्याला विचार. तो लपला नाही."

तिनं फोन केला. शब्द मोजून, कोरड्या आवाजात. तुम्हाला वगळलं आहे. आणखी माणसं हवी आहेत. पाण्याबद्दल त्यांना आधी एक अक्षर सांगायचं नाही, नाहीतर उत्तरं त्याच बाजूची येतील.

"व्हय," एवढंच पलीकडून आलं.

*

मे महिन्यात कॉलेजच्याच हॉलमध्ये शिबिर होतं. सकाळी अंगणात एक पिकअप गाडी येऊन थांबली. मागच्या हौद्यातून माणसं उतरू लागली. पहिल्या उतरल्या मुरगूडच्या झुंबरबाई, कमरेला पदर खोचून.

"कुठं हाय ती पोरगी? हे येडं पंधरवडाभर गावोगाव हिंडतंय, 'कुणाला रक्त देताना घेरी आलती काय, घेरी?' लोकांस्नी वाटलं, अंगात आलंय ह्याच्या! आमच्या दारात तीनदा आला. म्हटलं चला, एकदाचं सुटू."

त्यांच्यामागे पिराजी, दूधसंस्थेतला, आधीच घाम पुसत. आणि आणखी दोघं. हंबीरराव मात्र गाडीपाशीच राहिला. "मला आत यायचं न्हाय," तो दुरूनच म्हणाला, "मी बिघडिवतो."

दिवसभर तो चिंचेच्या सावलीत बसून होता. आत संयोगितानं एकेकाला पाणी दिलं, पोटऱ्या आवळायला शिकवल्या, शेजारी बसून विचारलं. झुंबरबाई रक्त देताना बोलतच होत्या, उठल्यावरही बोलतच होत्या. दोघं तरुण हसत चहाकडे गेले. पिराजीला मात्र घेरी आली. खरी आली, ओठ पांढरे, तळवे गार. तिनं त्याचे पाय वर घेतले, त्याला सावरलं आणि तक्त्यात खूण केली. हात थांबला नाही.

दुपार कलल्यावर ती बाहेर आली. हातात चहाचे दोन कप होते. त्याला बघून तिला हसू आलं, आणि या वेळी तिनं ओठ मिटले नाहीत.

तो उभा राहिला. "काय झालं?"

"तिघं ठीक. पिराजींना आली."

"मग बुडालं की!"

"नाही बुडालं. तुम्हाला वगळून सगळे आकडे पुन्हा पाहिले मॅडमनी. सगळ्यांची टळत नाही, पण पुष्कळांची टळते. तसंच लिहिणार आहे." तिनं कप पुढे केला. "आणि झुंबरबाई विचारत होत्या, पुढची तारीख कुठली."

त्यानं सुस्कारा सोडला, एवढा मोठा की कपातला चहा हलला.

"मॅडम... मी आता अभ्यासात न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग कोण हाय मी?"

"कुणीच नाही."

"हे बरं की वाईट?"

"बरं." तिनं चहाच्या वाफेकडे पाहत म्हटलं. "अभ्यासातल्या माणसाशी मला अभ्यासापुरतंच बोलता येतं."

चिंचेची बारीक पानं तिच्या खांद्यावर पडत होती. त्यानं हात उचलला... आणि पुन्हा खाली घेतला. मग एका दमात, त्या बाटलीतल्या पाण्यासारखं सगळं बोलून टाकलं.

"मला तुमी आवडता. पहिल्या दिवसापासनं. हे खोटं न्हाय. कुणालाबी विचारून बघा... अमरसिंहाला विचारा, झुंबरबाईस्नी विचारा, समद्या मुरगूडला ठावं हाय. फकस्त तुमालाच सांगायचं राहिलं हुतं."

खांद्यावरचं पान तिनं स्वतःच उचललं, बोटांत फिरवलं.

"रविवारी गडहिंग्लजला जाते मी," ती म्हणाली. "आईकडे. बाबा गेल्यापासून ती एकटीसाठी स्वयंपाक करत नाही. सकाळचा चहा, संध्याकाळी दूधभात... बस. पण कुणी येणार म्हटलं की उठते. पोळ्या करते, आमटी करते, वाढत राहते. परवा फोनवर म्हणाली, बऱ्याच दिवसांत कुणी आलं नाही गं."

हंबीररावानं कप खाली ठेवला. "मी येऊ?"

"या. पण भूक घेऊन या. आणि दुसऱ्याच पोळीला खोटंखोटं 'पोट भरलं' म्हणायचं नाही."

"न्हाय म्हणणार. आयशप्पत."

"किती खाल?"

"आईच म्हणतील, पीठ संपलं रं बाबा," तो म्हणाला. आणि संयोगिता हसली, मोठ्यांदा, चहा सांडेपर्यंत; हॉलच्या दारातून झुंबरबाईंनी डोकं बाहेर काढलं, इतक्या मोठ्यांदा.