बीव्हर नसलेलं खोरं

जुलैतल्या एका शनिवारी रुळांचं काम निघालं होतं, म्हणून मॉसन लेक्स या उपनगरातून शहरात जायला ट्रेनऐवजी बस होती. बाहेर बारीक, बोचरा पाऊस. कॉस्मास डाबरे शेजारच्या मुलीच्या मांडीवरचे कागद मनात नको नको म्हणत वाचत होता. कागदांवर जुन्या हस्तलिखिताचे फोटो होते आणि एका शब्दाभोवती पेन्सिलने तीन प्रश्नचिन्हं.

"अँग्विले," तो न राहवून पुटपुटला. "वाम मासे आहेत ते."

तिने वळून पाहिलं. आधी मराठीचं आश्चर्य, मग लॅटिनचं.

"तुम्हाला हे वाचता येतं?"

"थोडंफार. वसईचा आहे. चार वर्षं सेमिनरीत होतो."

"मग फादर म्हणायचं का?"

"नको. त्याआधीच पळून आलो."

ती हसली. तिचं नाव चिन्मयी, पुण्याची. युरोपात मध्ययुगात कुठले प्राणी, पक्षी, मासे कुठल्या शतकात नाहीसे झाले, यावर तिची पीएचडी चालली होती. पूर्व फ्रान्समधल्या एका मठाच्या वह्या तिच्या हाती लागल्या होत्या. खोऱ्यातून दरवर्षी मठात काय काय आलं ते साधूंनी त्यात लिहून ठेवलेलं. पण ते निम्मे शब्द तोडून लिहीत, आणि तिचं लॅटिन दोन सेमिस्टरांपुरतं. बस शहरात पोचेपर्यंत कॉस्मासने तिला दोन पानं वाचून दाखवली होती.

मग दर शनिवार ठरूनच गेला. मॉसन लेक्सच्या तळ्याकाठी एक कॅफे होता, तिथे. कॉस्मास आठवडाभर पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे काढायचा, बहिणीकडे, डोरीनकडे राहायचा. सेमिनरी सोडल्यापासून शनिवारी त्याची कुणी वाट पाहिली नव्हती.

वह्या उदास होत्या. एका वर्षी करकोचे येतात, पुढच्या वर्षी त्यांचं नाव नाही. गिरणीसाठी नदीवर बांध घातला जातो आणि चार पानांनंतर सॅमन मासे संपतात. "गेले," एवढंच चिन्मयी म्हणायची आणि साल लिहायची.

"तुला एवढ्या दुःखाच्याच गोष्टी कशा आवडतात?" त्याने एकदा विचारलं.

"कुणीतरी आठवण ठेवायला नको?" ती म्हणाली. "आणि तू का येतोस रे दर शनिवारी?"

"वाम माशांसाठी."

तिने त्याच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं… मग पान उलटलं.

ऑगस्टमध्ये एका यादीत 'कास्त' एवढंच लिहिलेलं सापडलं. कातड्यांची यादी होती. कॉस्मासने शब्द पुरा केला – कास्तोरुम. बीव्हर. नदीत झाडं पाडून धरणं बांधणारा तो केसाळ प्राणी त्या खोऱ्यातून या यादीच्या शंभर वर्षं आधीच संपला, असं सगळे धरून चालले होते. चिन्मयीने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि तो शब्द स्वतः मोठ्याने वाचला. हे तिच्या प्रबंधातलं सर्वांत मोठं प्रकरण झालं. त्याच्या जोरावर जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला दोन वर्षांचं काम देऊ केलं – ऑक्टोबरात प्रबंध दिला तर जानेवारीपासून.

बातमी सांगताना तिने त्याला मिठी मारली. त्याने अभिनंदन केलं. घरी गेल्यावर जेवत का नाहीस म्हणून डोरीन दोनदा विचारून गेली.

सप्टेंबरात चिन्मयी तापाने पडली, तेव्हा उरलेली पानं तो एकटाच वाचत बसला. वहीतलं अक्षर बदललं होतं. या नव्या साधूला शब्द तोडायची सवय नव्हती. तीच यादी, तोच क्रम, आणि 'कास्त'च्या जागी पुरा शब्द – कास्त्रोनुम. खच्ची केलेले मेंढे.

कॉस्मास मागे गेला, पुन्हा पुढे आला. बीव्हर कुठेच नव्हते. त्याने आपल्या मनाने शब्द पुरा केला होता.

दोन दिवस तो गप्प राहिला. बोललो नाही तर ती जाईल, सुखाने जाईल. बोललो तर तिचं जाणं राहील… आणि नेमकं तेच तर त्याला हवं होतं. इतकं हवं होतं की स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडाला. बीव्हर दिसावा म्हणून त्याने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मेंढाच दिसत राहिला.

मंगळवारी संध्याकाळी तळ्याकाठी त्याने तिला पान दाखवलं. ती बराच वेळ वाचत होती.

"मला थांबवायला करतोयस का हे?" तिने हळूच विचारलं.

"तू थांबावंस असं मला वाटतं," तो म्हणाला. "खूप वाटतं. पण शब्द तोच आहे. कुणालाही दाखव."

तिने कागद गोळा केले आणि ती निघून गेली.

दोन दिवसांत तिच्या गाईडनेही शब्द मेंढ्यांचाच असल्याचं सांगितलं. प्रकरण मोडलं, मुदत वाढवून घ्यावी लागली, जर्मनीतलं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. हे कॉस्मासला डोरीनकडून कळलं. एकदा घरी येऊन गेलेली चिन्मयी तिला इंडियन ग्रोसरीत भेटली होती. त्याने मेसेज केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? शनिवारी तो डोरीनच्या छपराच्या पन्हळी साफ करू लागला.

नोव्हेंबर लागता लागता तिचाच मेसेज आला. चार वाजता, तळ्यापाशी. आभाळ भरलेलं होतं. ती वाळली होती.

"प्रकरण पुन्हा लिहिलं," ती म्हणाली. "आता त्यात मेंढ्या आहेत. आणि मेंढ्यांसाठी तोडलेलं जंगल. गाईड म्हणाले, हे जास्त खरं आहे. म्हणजे जास्त वाईटही."

"सॉरी, चिन्मयी."

"ते नको. मी का चिडले ते ऐक. तू म्हणालास मी थांबावं, आणि मला – त्या क्षणी – बरं वाटलं. सगळं हातातून चाललं होतं आणि मला बरं वाटत होतं. त्याचा राग आला."

तो एक पाऊल तिच्या जवळ सरकला.

"व्हिसा जूनपर्यंत आहे," ती तळ्याकडे बघत म्हणाली. "युरोपात काम मिळालं तर मी जाणार, कॉस्मास. तुझ्यासाठी थांबणार नाही."

"नको थांबूस."

"मग?"

"तिकडेही पाइपलाइनी असतीलच की…"

"पुन्हा सांग. विनोद न करता."

पावसाचे थेंब पडू लागले होते. त्याने एकदा श्वास घेतला.

"मी येईन तुझ्याबरोबर."

जॅकेटच्या खिशातून हात काढून तिने तो त्याच्या हातात दिला. दोघांचेही हात गार पडले होते, आणि दोघांनीही ते सोडवून घेतले नाहीत.