पिठाच्या पुड्या

“माझे सगळे पेशंट बरे झालेत,” डॉक्टर वेदिका देवरे रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

सोमनाथला वाटलं, आता पेढे निघणार. पण वहिनींनी एक कटाक्ष टाकला आणि गडी सावरून बसला. त्याची वहिनी म्हणजे नाशिकात खासगी तपासाची कामं घेणाऱ्या मैना पगार. सोमनाथ त्यांचा धाकटा दीर, मदतनीस आणि मिसळीपायी कायम छाती चोळणारा प्राणी.

“मग बिघडलं काय?” वहिनींनी विचारलं.

“जळजळ आणि आंबट ढेकरांवर मी चूर्ण तयार केलंय. वॉर्डातल्या निम्म्यांना चूर्ण, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय मिळतं, हे फक्त पुड्या बांधणाऱ्या रेहानाला ठाऊक. काल यादी उघडली, तर पीठवालेही ठणठणीत. मागच्या तुकडीत असं नव्हतं. आता सगळे म्हणतात, रेहानाने पुड्या बदलल्या. तिचे मामू पीठवाल्यांत निघाले ना. दुपारी समिती तिला काढून टाकणार.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मैनाताई, ती असं करणार नाही. पण पुरावा कुठून आणू?”

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांच्या छोट्या संशोधन केंद्रात दोघं पोचले, तेव्हा रेहाना सामान आवरत होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र ताठ.

“मामूंना पीठ देताना रोज जीव तुटायचा, ताई. पण दिलं पीठच. कामाशी बेइमानी नाही केली.”

स्वयंपाक आणि अंथरुणं यशोदाबाईंकडे होती. त्या आधीच वैतागलेल्या.

“जेवणाला नावं ठेवू नका. दोडका-भात मागच्या तुकडीला तोच, हिलाही तोच. पण ही तुकडी महाद्वाड. सकाळी बघावं तर सगळ्यांच्या चादरी पायथ्याशी गोळा.”

वॉर्डात रेहानाचे रहेमानमामू सोमनाथला रात्रीची क्रिकेट मॅच सांगत बसले. शेवटच्या चेंडूवर बॉलरने टोपी कशी आपटली, तेही हात करून दाखवलं. सोमनाथ रंगून गेला. तपासाला आलोय, हे तो साफ विसरला.

रात्रपाळीचा वॉर्डबॉय गोरक्ष दिंडोरीचा. पँटवरची लाल धूळ झटकत तो म्हणाला, “मी काय बी केलं नाय, मॅडम. नऊला फोन जमा, टीव्ही बंद, दिवे बंद.”

वहिनींनी खाटेच्या उशाकडच्या पायाखाली बोट फिरवलं. बोट लाल झालं. पायथ्याकडे फिरवलं, तर स्वच्छ. मग त्या मागच्या दाराने अंगणात डोकावून आल्या आणि सगळ्यांना वॉर्डात बोलावलं.

“पुड्या कुणीही बदलल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “भावजी, मॅच किती वाजता संपली?”

“अकरा वाजून गेले होते,” सोमनाथ म्हणाला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे नऊला टीव्ही बंद होत नव्हता?”

“नव्हता. पण पडून बघायचं तर पायाकडची फळी आड येते. मग अंगणातल्या विटा उशाकडच्या पायांखाली आल्या. खाट तिरकी झाली की चादर घसरते, माणूसही घसरतो. डॉक्टर यायच्या आत विटा परत बाहेर. बरोबर ना, गोरक्ष?”

गोरक्ष खाली मान घालून म्हणाला, “पेशंट लय मागं लागले, मॅडम. मॅचा चालू झाल्या ना. माझ्यामुळं ताईवर आळ येईल, हे नाय वाटलं.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “उशाकडची बाजू उंच केली की पोटातलं आम्ल वर चढत नाही. जळजळ कमी होते. हे मी शिकवते हो लोकांना.” आणि त्या खदखदून हसू लागल्या. “ही तुकडी वाया गेली. पुन्हा करू, विटांशिवाय. रेहाना, पुड्या तूच बांधायच्यास. चल, आधी समितीपुढे तुझी माफी मागते.”

एवढ्यात मामू खाटेवरून उतरले.

“थांबा. म्हणजे मी इतके दिवस पीठ खाल्लं?”

रेहानाचा चेहरा पडला. “माफ करा, मामू.”

“माफ कशाला?” मामूंनी तिला जवळ ओढलं आणि ते डॉक्टरांना म्हणाले, “मलाही न्या समितीकडे. सख्ख्या मामालासुद्धा पीठच चारलं पोरीने, हे मी स्वतः सांगणार.”