पत्ता विचारणारी बाई

मालमवाराच्या वाचनालयात चौकशीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला जगातलं सगळं ठाऊक असतं, असा गावाचा समज आहे. तो समज त्या टेबलावर बसणाऱ्या गुनवोरनेच करून दिला होता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? त्या दिवशी सकाळपासून तिला विचारून झालं होतं, की लोकरीच्या मोज्यांना चिकटलेली पाइनची राळ कशी काढायची, रेनडिअरला पोहता येतं का, आणि शाळेतल्या ज्या बाईंकडे काळा कुत्रा होता त्यांचं आडनाव काय. शेवटचा प्रश्न ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांचा. कुत्र्यापलीकडे त्यांना काही आठवत नव्हतं. गुनवोरने आडनाव शोधून दिलं, वर कुत्र्याचं नावही सांगितलं. आजोबा रडायचेच बाकी राहिले.

या टेबलाचा एक नियम होता. माणूस काहीही विचारू दे, 'कशाला हवंय?' असं उलट विचारायचं नाही. विषाची माहिती मागणारा कादंबरी लिहीत असेल, नाहीतर त्याच्या घरात उंदीर झाले असतील, ते त्याचं तो जाणे. आपण पडताळून, पुरतं उत्तर द्यायचं आणि शेवटी म्हणायचं, "हवं होतं ते मिळालं का?" केस पांढरे होईपर्यंत गुनवोरने हा नियम पाळला होता. याच टेबलावर तिला आणखी एक गोष्ट कळली होती. लोक खरा प्रश्न आधी कधीच विचारत नाहीत. आधी आजूबाजूचं चाचपडतात, तुम्हाला जोखतात, आणि मग हळूच मनातलं बाहेर काढतात.

फोनवरच्या त्या बाईचंही तसंच झालं.

पहिला फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि खिडकीबाहेर काळोख दाटत होता. हिवाळ्यात इथे दुपार नावालाच असते.

"जुन्या गावात चर्च रस्त्यावर पिवळ्या लाकडी घरांची रांग होती," फोनवरची बाई म्हणाली. "ती घरं कुठे गेली, हे आपण सांगू शकाल का?"

'आपण' ऐकून गुनवोर जराशी चमकली. या देशात मंत्र्यालाही लोक अरेतुरे करतात. 'आपण' म्हणणारी माणसं तिच्या आजीच्या वेळीच संपली होती. आवाज म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता. त्याच्या मागे ना खोलीचा आवाज होता ना रस्त्याचा. विहिरीच्या काठावर उभं राहून कुणी बोलावं, तसा तो घुमत होता.

गुनवोरने सांगितलं. लोखंडाच्या खाणीने जुनं गाव खालून पोखरलं, जमिनीला भेगा पडायला लागल्या, म्हणून अख्खं गाव इकडे हलवलं. रांगेतली बरीचशी घरं पाडली. तीन मात्र जशीच्या तशी उचलून, लांबलचक ट्रेलरवर घालून आणली आणि नव्या गावात कोल्हेवाटेवर बसवली. पहिलं वाटेच्या तोंडाशी आहे, मधल्यात दातांचा दवाखाना आहे, आणि एक टोकाला आहे. टोकाच्या घरात आपण स्वतःच राहतो, हे अर्थातच ती बोलली नाही.

"हवं होतं ते मिळालं का?"

"थोडं मिळालं," बाई म्हणाली. "आपले आभार."

शेजारच्या टेबलावरचा सिक्स्टेन वेलदोड्याचा गोड पाव खात कान देऊन ऐकत होता. हा माणूस कामाला वाघ होता, पण ऐकलेलं त्याच्या पोटात राहत नसे.

"कुणीतरी वारसदार असणार," तो म्हणाला. "आता तुझं घर मागायला येतेय बघ. सामान बांध."

"तू आधी कीबोर्डवरचा चुरा झाड," गुनवोर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, त्याच काळोखाच्या वेळी, पुन्हा फोन.

"त्या तिघांपैकी कोणत्या घरात स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे? जिची भिंत चुलीमुळे गरम राहते?"

आता मात्र गुनवोरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी खोली एकाच घरात होती. तिच्या. गेल्याच महिन्यात नळ तपासायला आलोय असं सांगून कुणीतरी खालच्या आळीतल्या एका म्हातारीचे दागिने लांबवले होते. हे लोक असंच करतात. आधी गोड बोलून घराची रचना काढून घेतात, घरात म्हातारंकोतारं कोण आहे ते हेरतात, आणि एक दिवस दारात हजर.

"नकाशे बघावे लागतील," ती कोरडेपणाने म्हणाली.

"मी थांबेन," बाई म्हणाली. "मला थांबायची सवय आहे."

फोन ठेवल्या ठेवल्या गुनवोरने घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर राग्नवाल्डने उचलला. नवऱ्याला हल्ली कमी ऐकू यायचं.

"दार कुणाला उघडू नकोस. ऐकलंस का?"

"कुणी देखणी असली तरी?"

"देखणी असली तर मुळीच नाही."

तो खो खो हसला. त्याचं हसू ऐकलं की गुनवोरला अजूनही अंगावर कुणी मऊ शाल टाकल्यासारखं व्हायचं. कारण हा माणूस आज जिवंत नसायला हवा होता. घर हलवायचं ठरलं त्याच शरद ऋतूत डॉक्टरांनी हात टेकले होते आणि त्याला घरी पाठवलं होतं. चुलीशेजारच्या त्या गरम खोलीत तो पडून होता. नुसती हाडं उरली होती. घर उचलायचा दिवस आला तेव्हा म्हणाला, "मी इथून हलणार नाही. मरायचं तर माझ्या खोलीत." मग ट्रेलरच्या ड्रायव्हरने डोळेझाक केली, गुनवोर उशाशी बसली, आणि राग्नवाल्डसकट ते घर माणसाच्या चालीने रस्त्याने निघालं. लोक दुतर्फा टोप्या काढून उभे होते. काहींना ती प्रेतयात्राच वाटली असेल. संध्याकाळी घर नव्या पायावर टेकलं, आणि राग्नवाल्डने डोळे उघडून कॉफी मागितली. त्यानंतर तो सुधारतच गेला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं. गुनवोरने त्याबद्दल कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यात तेवढं एकच उत्तर तिला नको होतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा सिक्स्टेन तळघरात जुने पेपर लावायला गेला होता. गुनवोरने रिसीव्हर उचलला. त्याला ओल्या मातीचा आणि गंजाचा वास येत होता.

"नकाशे पाहिलेत का आपण?"

"हो."

"मग... कोणतं घर?"

गुनवोरने टेबलाची कड घट्ट धरली. इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं, ते तिने केलं.

"तुम्हाला हे कशाला हवंय?"

पलीकडे खूप खोलवर दगड सरकल्यासारखं काहीतरी वाजलं.

"एक काम राहिलं आहे," बाई सावकाश म्हणाली. "त्या खोलीत माणूस आजारी होता. मी ठरल्या दिवशी गेले. तिथे घर नव्हतं... नुसता खड्डा होता. त्या दिवशी त्या घराला कुठलाच पत्ता नव्हता."

गुनवोरने रिसीव्हर कानाशी दाबला. "कोण माणूस? नाव काय त्याचं?"

"नाव माझ्याकडे नसतं. मला खोली सांगितलेली असते."

ट्रेलर, टोप्या काढलेले लोक, उशाशी बसलेली आपण... गुनवोरला सगळं एकदम लख्ख दिसलं. तरी आवाज नेहमीचा, कामावरचाच निघाला. सवय अशी असते.

"कोल्हेवाटेवरचं पहिलं घर," ती म्हणाली. "वाटेच्या तोंडाशीच आहे. डाव्या हाताला."

त्या घरात उंदराशिवाय कुणी नव्हतं. खोटं उत्तर. तिच्या आयुष्यातलं पहिलं. नेहमीचा शेवटचा प्रश्न तिने विचारला नाही, फोन ठेवून दिला. तिला वाटलं होतं आपल्याला लाज वाटेल. तसं काहीच झालं नाही. उलट घरी जाताना तिने लालचुटूक लिंगनबेरीचा मुरंबा आणि राग्नवाल्डच्या आवडीचं सुकं मांस घेतलं, आणि रात्री दोघं उगाच हसत जेवली.

त्यानंतरच्या दिवशी शाळेची मुलं आली होती. त्यांना मागच्या दालनात फिरवून, हिमघुबडांवरच्या त्यांच्या शंभर शंका फेडून गुनवोर परतली, तेव्हा सिक्स्टेन स्वतःवरच खूश होऊन बसला होता.

"तुझी ती 'आपण' म्हणणारी बाई! फोन आला होता तिचा. आवाज किती गोड गं."

गुनवोर उभीच राहिली.

"म्हणाली, सांगितलेलं घर रिकामं निघालं. मी नकाशे काढले, बघतो तर काय, चुकलीस तू! चुलीशेजारची खोली टोकाच्या घरात आहे. अगं, तुझंच घर ते! स्वतःचं घर ओळखता येईना? म्हातारी झालीस."

"तू... काय सांगितलंस तिला?"

"पुरतं उत्तर दिलं. तूच शिकवलंयस ना? म्हटलं, नव्या जागी ते उलटं बसवलंय, जुनं दार मागे जंगलाकडे गेलंय, तेव्हा चुकू नका. आणि राग्नवाल्ड घरीच असतो, पण त्याला ऐकू कमी येतं." तिचा चेहरा पाहून तो थबकला. "अगं, चुकीचं उत्तर तुझ्या नावावर राहू नये, म्हणून केलं मी..."

पुढचं ऐकायला गुनवोर तिथे नव्हती. कोट अर्धवट अडकवून ती धावत सुटली. बर्फ करकरत होता, दिव्यांभोवती थंडीचं धुकं साचलं होतं. कोल्हेवाटेवरचं पहिलं घर आलं. त्याचं दार सताड उघडं होतं आणि आत बर्फ भुरभुरत होता. ती थांबली नाही.

टोकाच्या घरात दिवा होता. फाटकातून आत गेलेली पावलं तिला लांबूनच दिसली. लहान, नीटस, एकामागे एक. ती पुढच्या दाराकडे वळलीच नव्हती. घराला वळसा घालून मागे गेली होती, जिथे जुनं दार त्यांनी केव्हाच फळ्या ठोकून बंद केलं होतं. फळ्या तशाच होत्या. पावलं त्या फळ्यांपाशी संपत होती. परतीची नव्हती.

"राग्नवाल्ड!"

"ओरडतेस काय? बहिरा झालोय, मेलो नाही अजून."

तो स्वयंपाकघरात खुर्चीत बसून सुरीची लाकडी मूठ घासत होता. मांडीवर भुसा, नाकावर चष्मा. गुनवोरने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गरम होता. ती त्याच्या डोक्यावर ओठ टेकून नुसती उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

"अगं, झालं काय? तुझ्याकडे पाहुणी आली होती."

"दार उघडू नकोस म्हटलं होतं ना मी?"

"मी कुठे उघडलं? मान वर केली तर ती उभीच. म्हटलं, तूच किल्ली दिली असशील. सिक्स्टेनने पत्ता दिला म्हणाली. भारी सभ्य बाई."

"काय विचारलं तिने?"

"एवढंच, की त्या लहान खोलीत कोण झोपतं." त्याने मुठीवरचा भुसा फुंकला. "म्हटलं, पूर्वी मी झोपायचो. आता बरा झालो, घोरतो फार, म्हणून बायको झोपते तिथे. मग विचारलं, ती कधी येते? मी म्हटलं, येईलच. म्हणाली, मग मी थांबते."

चुलीत लाकूड तडकलं. लहान खोलीचं दार किंचित उघडं होतं.

गुनवोर उंबऱ्यापाशी गेली. आत अंधार होता आणि ओल्या मातीचा वास. तिच्या पलंगावरची रजई एका कोपऱ्यात दुमडून ठेवली होती, पाहुण्यासाठी दुमडतात तशी. खिडकीजवळची खुर्ची पलंगाशी ओढलेली होती. खुर्चीत कुणी नव्हतं. खाली मात्र बर्फ वितळून पाणी साचलं होतं.

"गेली वाटतं," मागून राग्नवाल्ड म्हणाला. उठताना त्याची हाडं वाजली. "बरं, सरक जरा. आज अंग मोडून आलंय माझं. घटकाभर त्या गरम भिंतीशी पडतो. माझीच तर खोली ती."

घर सोडून पळावं? पण मरतानाही न हललेला राग्नवाल्ड आता कुठला हलायला? आणि नावाची गरज नसलेल्या बाईला खोली सापडली होती, तिथे जो पडेल तो तिचा. कुलूप लावावं? फळ्यांनी तिला अडवलं नव्हतं. आणि खोली रिकामी ठेवली, तर आज ना उद्या हा माणूस तिथे जाऊन आडवा होणारच. गुनवोरला एवढं कळत होतं, की एक प्रश्न अर्धा राहिलाय आणि तो तिच्याच टेबलावर आलाय.

"नको," ती म्हणाली. "खोली माझी आहे आता. मलाच जरा पडायचंय. तू कॉफी ठेव. दोन कप."

"रागावलीस?"

"नाही रे." तिने त्याच्या दाढीवरचा भुसा झाडला. "कडक कर. आणि मी हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस."

तो कुरकुरत चुलीकडे वळला. गुनवोरने आत जाऊन दार लावून घेतलं. अंधारात चाचपडत तिने खुर्ची धरली, पूर्वीच्या जागी, खिडकीपाशी नेऊन ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसली. भिंत गरम होती. पलीकडे राग्नवाल्ड कॉफीचं भांडं आपटत होता, बेसूर गुणगुणत होता. लोक खरा प्रश्न आधी कधीच विचारत नाहीत, तिने स्वतःला बजावलं. त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. आयुष्यभर तिने दुसरं काय केलं होतं?

तिने हात मांडीवर ठेवले, टेबलावर ठेवायची तसे.

"विचारा," ती म्हणाली. "आपल्याला नक्की काय हवंय?"

खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची अंधारातून सरकत आली आणि तिच्या गुडघ्याला लागली.