काळं पडलेलं चांदीचं पान

"सकाळी हा बिल्ला मीच त्यांच्या शर्टाला लावला. तोंड दिसावं इतका चकचकीत होता," ती बाई म्हणाली आणि तिने मूठ उघडली.

भाऊजींनी चष्मा पुसून पाहिलं. पानाच्या आकाराचा छोटा बिल्ला. कोळशासारखा काळा.

"चांदीचा?" वहिनींनी विचारलं.

"हो. आदल्याच दिवशी मालकांनी चौघांना दिले. स्वतःला, व्यवस्थापकांना, प्रयोगशाळेच्या बाईंना आणि ह्यांना. पर्यावरण सांभाळल्याबद्दल." शेवटचा शब्द उच्चारताना तिचं तोंड कडू झालं.

तिचा नवरा रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. परवा दुपारी तो आपल्या केबिनमध्ये खुर्चीत मेलेला सापडला. कारखान्याचा डॉक्टर म्हणजे मालकाचा मेहुणा. त्याने नाडी पाहिली आणि हृदयविकार लिहून मोकळा झाला.

"मी देह ताब्यात घ्यायला नाही म्हटलंय. सासरचे म्हणतात, डोकं फिरलंय माझं."

"फिरलेलं नाही. बाकीचे कपडे?"

बाईने शवागारातून मिळालेली पिशवी पुढे केली. वहिनींनी बूट उलटे केले. दोन्ही टाचा मागच्या बाजूने खरवडलेल्या होत्या आणि ओरखड्यांत हिरवा रंग भरला होता.

"गवतात चालले असतील," भाऊजी म्हणाले.

"टाचांच्या मागच्या बाजूने कोण चालतं, भाऊजी?"

भाऊजींनी बूट पुन्हा पिशवीत ठेवले. थोरल्या भावाच्या पश्चात वहिनींनी त्याची तपास-कचेरी हातात घेतली होती, आणि शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले भाऊजी त्यांच्या मागे छत्री आणि पिशवी घेऊन हिंडत. आपल्याला उशिरा कळतं, हे मात्र त्यांना वेळेवर कळलं होतं. वहिनींनी पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. त्या एकदा मान हलवून थांबल्या की पुढचं विचारण्यात अर्थ नसे.

*

कारखान्याच्या फाटकावर पाटी होती : 'आम्ही निसर्गाचे राखणदार'. त्या दिवशी मोठे खरेदीदार पाहणीला यायचे होते. इथून सांडपाण्याचा थेंबही बाहेर जात नाही असं प्रमाणपत्र मिळालं, की माल दुप्पट भावाने जाणार होता. म्हणून कमान उभारली होती आणि दिसेल ते हिरवं रंगवलं होतं. भिंती हिरव्या, पिंपं हिरवी, गटाराची झाकणंसुद्धा हिरवी. रंगाच्या वासाखालून दुसराच एक वास येत होता, सडक्या अंड्यांचा. भाऊजींनी रुमाल नाकाला लावला.

मालकाने हात जोडले. कोटावर बिल्ला झळकत होता. "मला तो भावासारखा होता हो. त्याच्या नावाने सुरक्षेचं बक्षीस ठेवतोय. आजच पाहुण्यांसमोर जाहीर करतो. तुमची चौकशी तेवढी लवकर आटपा."

"शेवटचं त्यांच्याशी काय बोलणं झालं?"

"मागच्या टाकीबद्दल काहीतरी कुरकुरत होता. मी व्यवस्थापकांकडे पाठवलं. तपशिलात मी पडत नाही."

व्यवस्थापक शिडशिडीत आणि नम्र माणूस. बोलताना सारखा हात पुसत होता. त्याचाही बिल्ला छातीवर चमकत होता. भाऊजींना तो मालकाच्या बिल्ल्यापेक्षा सुबक वाटला, कारण पानाच्या शिरा पांढऱ्या रंगाने भरल्यासारख्या उठून दिसत होत्या.

"जेवणाच्या सुट्टीनंतर मी केबिनमध्ये डोकावलो," तो म्हणाला. "टेबलावर डोकं टेकून बसला होता. हलवलं तर थंड."

"गॅसबिस लागला नसेल ना?"

"छे! गॅसचा अलार्म कायम त्याच्या खिशाला असायचा. त्या दिवशीही होता. वाजला नसता का?"

"तुम्ही त्या दिवशी पंपघराकडे गेला होता?"

"त्या घाणीत? मी तिकडे फिरकतच नाही."

प्रयोगशाळेच्या बाईंचा बिल्ला खणात, टाचण्यांच्या डबीत पडला होता. लख्ख. शिरा कोऱ्या.

"मी लावत नाही," त्या म्हणाल्या. "लाज वाटते. इथे सल्फाइडचं काळं पाणी एका टाकीत जातं आणि आम्लाचं दुसरीत. ती दोन्ही कधी एकत्र येऊ द्यायची नाहीत, हा पहिला धडा. एकत्र आली की जो वायू सुटतो, तो दोन श्वासांत माणूस आडवा करतो. आधी वास येतो, मग नाकच मरतं आणि वाटतं, वास गेला."

"मग काळ्या पाण्याचं पुढे काय होतं?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "शुद्ध करतो असं सांगतात. पण त्याला लागतो तेवढा चुना मी कधी वापरलेला पाहिला नाही. पलीकडच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी आता गुरंसुद्धा पीत नाहीत."

"तुम्ही बोलला नाहीत कुठे?"

"तो बोलला. त्याचं काय झालं, बघताय ना."

टेबलावर पिवळं, मुठीएवढं यंत्र पडलं होतं. वहिनींनी बोट दाखवलं.

"त्याचाच अलार्म. परवा सकाळी व्यवस्थापकांनीच तपासायला म्हणून आणून दिला. चांगला चालतोय. परत न्यायला कुणी आलंच नाही."

मयताच्या केबिनमध्ये पांढऱ्या फरश्या होत्या. टेबलावर बायको-मुलीचा फोटो, चांदीच्या चौकटीत. चौकटीवर डाग नव्हता. वहिनी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

केबिनसमोरचा बोळ ओलांडला की पंपघर. आत पाऊल टाकताच भाऊजींचा बूट चिकटला. जमिनीचा हिरवा रंग अजून ओला होता.

"आधीच रंगवलेलं दिसतंय, वरून पुन्हा एक हात दिलाय," ते वैतागून म्हणाले.

"शाबास," वहिनी म्हणाल्या. शाबासकी कशाबद्दल, ते भाऊजींना कळलं नाही.

कोपऱ्यात काळ्या पाण्याची टाकी, तिच्यावरून आम्लाचा नळ गेलेला, त्याचा व्हॉल्व्ह बंद. टाकीतून निघालेला जाड नळ शुद्धीकरणाच्या हौदाकडे जायचं सोडून जुन्या कूपनलिकेच्या तोंडात शिरला होता. वहिनींनी टॉर्च मारला. काळं, तेलकट पाणी गुळगुळत जमिनीच्या पोटात उतरत होतं. भाऊजी रुमाल नाकाशी दाबून बाहेर धावले.

*

वहिनींनी सगळ्यांना मालकाच्या खोलीत जमवलं. पोलीस ठाण्याचे अधिकारी दाराशी उभे राहिले. विधवा बाई भिंतीला टेकून होती.

"पाहुणे येतील," मालक म्हणाला.

"येऊ द्या." वहिनींनी काळा बिल्ला टेबलावर ठेवला. "चांदी एका दिवसात अशी काळी पडते ती एकाच गोष्टीने. काळ्या पाण्यात आम्ल पडून जो वायू सुटतो, त्याने. म्हणजे हा माणूस त्या वायूत मेला. पण केबिनमध्ये नाही. तिथली चांदीची चौकट लख्ख आहे. वायू माणसाला निवडून मारील, चांदी निवडून काळी करणार नाही."

"मग कुठे मेला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"टाचांना हिरवा रंग आहे, केबिनच्या फरश्या पांढऱ्या. पंपघराची जमीन तेव्हा नुकती रंगवलेली होती. काखेत धरून कुणीतरी त्याला बोळापलीकडे ओढत नेलं. ओढल्याच्या रेघा राहिल्या, म्हणून काल वरून पुन्हा जाड रंग फासला. भाऊजींचा बूट त्यातच अडकला."

भाऊजींनी पाय मागे घेतला.

"अपघात झाला असेल!" व्यवस्थापक म्हणाला. "तो एकटाच गेला असेल."

"आणि मेल्यावर चालत केबिनमध्ये आला? बरं, अलार्म त्या दिवशी खिशाला होता म्हणालात. तो परवा सकाळपासून प्रयोगशाळेत पडलाय. तुम्हीच नेऊन दिलात. आधी अलार्म काढून घेतला, मग नळ दुरुस्त केला म्हणून दाखवायला बोलावलंत. सगळे जेवायला गेले होते. तो टाकीवर वाकला, आणि तुम्ही तोंडाला मुखवटा चढवून आम्लाचा व्हॉल्व्ह उघडलात."

"पुरावा काय?" त्याचे हात एकमेकांना पुसत होते.

"तुम्ही तोंड झाकलंत, छाती झाकली नाही. तुमचाही बिल्ला काळा पडला. मेलेल्याचा बघायचं सुचलं नाही. स्वतःचा मात्र आरशात दिसला असणार. तुम्ही तो घासलात. तीन दिवसांपूर्वी मिळालेली चांदी कुणी घासतं का? मालकांच्या पानाच्या शिरा कोऱ्या, बाईंच्या कोऱ्या. फक्त तुमच्या शिरांत चांदी घासायची पांढरी पूड अडकलीय."

अधिकाऱ्यांनी पुढे होऊन बिल्ला काढला आणि टाचणीने खरवडला. पांढरी पूड निघाली. तिच्याखालची खाच काळी होती.

"शवविच्छेदनात उरलेलं कळेलच," वहिनी म्हणाल्या.

व्यवस्थापक खाली बसला. "तो पाहुण्यांना कूपनलिका दाखवणार होता," तो पुटपुटला. "सगळ्यांचीच पोटं या कारखान्यावर आहेत. मी काय एकट्यासाठी केलं?"

"वस्तीतल्या लोकांना पोटं नाहीत?" प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. "आज मी सांगते पाहुण्यांना. सगळं."

मालकाने घाम पुसला. "मला यातलं काही ठाऊक नव्हतं."

"चुना विकत घेतला जात नाही, हे ठाऊक होतं ना?" वहिनींनी विचारलं. "पाणी कुठे जातं, हे कधी विचारलं नाहीत. विचारलं तर कळेल म्हणून."

बाहेर गाड्यांचे भोंगे वाजले. अधिकाऱ्यांनी व्यवस्थापकाचा दंड धरला. मालक लगबगीने आडवा आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, एवढं करा. पाहुणे आलेत. ह्याला मागच्या दाराने नेता येईल का?"

मग विधवा बाई भिंतीपासून सुटली, चालत गेली आणि पुढच्या दाराचे दोन्ही पल्ले सताड उघडून बाजूला उभी राहिली.

"इथून," ती म्हणाली.

कमानीखाली पाहुणे गाड्यांतून उतरत होते. त्यांच्यामधूनच व्यवस्थापकाला नेलं. कुणीतरी विचारलं, काय झालं? तेव्हा प्रयोगशाळेच्या बाई पुढे झाल्या आणि त्यांना पंपघराच्या दिशेने घेऊन निघाल्या.

हस्तांदोलनासाठी मालकाचा हात भाऊजींपुढे आला. भाऊजी साठी उलटलेले, भिडस्त गृहस्थ. कुणाचा हात त्यांनी कधी नाकारला नव्हता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, त्या हिरव्यागार पायरीवर, पचकन थुंकले.